सहाशे युनिटांत बसवलेली खोली

आमच्या घराण्याची वंशावळ संगणकात एकसष्ट वेळा साठवलेली होती. पुस्तक एकच, प्रती एकसष्ट. त्यातल्या निदान चाळीस माझ्यापायी झाल्या, हे आधीच कबूल केलेलं बरं. कधी कुणाच्या नातवाचं नाव राहून गेलेलं असायचं, कधी कुणाचा आजा दुसऱ्याच्याच आज्याखाली जाऊन बसलेला असायचा, तर कधी एखाद्या पणजोबाच्या घोड्याचा रंग मला सोमवारी काळा आठवायचा आणि गुरुवारी तांबडा. घोड्याचा रंग चुकला तर खालच्या पिढ्या काय म्हणतील? म्हणून मी मिनीबस धरायचो, बिश्केकच्या टोकाच्या वस्तीतून शहराच्या मध्यावर जायचो आणि झिपारगुलच्या टेबलाशी बसायचो. "आधी चहा, जुमाके," ती म्हणायची. माझं नाव जुमाकादिर, पण वय झालं की आमच्यात नाव आखडतं आणि मान वाढतो. चहा व्हायचा, मग दुरुस्ती व्हायची, मग ती नवी प्रत वेगळी ठेवायची. जुनी कधी पुसायची नाही.

झिपारगुलचं नाव तुम्ही कुठे वाचलं असण्याची शक्यता नाही. तिने पानं लावलेल्या पुस्तकांच्या अगदी शेवटी, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ते असतं, आणि ते पान कुणी उघडत नाही. म्हणून मी सांगतो.

जुन्या सरकारी छापखान्याच्या इमारतीत तळमजल्यावर 'उच-तेरेक' नावाचं प्रकाशन आहे. नावाचा अर्थ तीन पॉप्लर. पॉप्लर तिथे एकही नाही, कोळशाचा ढीग आहे. माणसं मात्र तीनच. मालक तुरात, मुखपृष्ठं करणारी आयझात आणि संगणकावर पानं लावणारी झिपारगुल. कथा-कवितांची पुस्तकं ते हौसेने काढतात, आणि चूल पेटते आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवर. सात पिढ्यांच्या बापांची नावं ज्याला येत नाहीत त्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. पूर्वी ती तोंडपाठ असायची. आता पाठ राहत नाहीत म्हणून छापून घेतात, आणि छापली आहेत म्हणून पाठ करत नाहीत.

सतराव्या वर्षी झिपारगुल डोंगरातून खाली उतरली आणि याच इमारतीत शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या एकेका अक्षरावर, कामाला लागली. पुढे छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, ती राहिली. नवरा देवाघरी गेला, मुलगी मॉस्कोला जाऊन हॉटेलच्या खोल्या आवरायला लागली, ही इथेच राहिली. वय छप्पन्न. पेन्शनला दोन वर्षं कमी. पडद्याकडे बघून बघून डोळे कायम लाल. कपातला उरलेला गार चहा कापसाने पापण्यांवर लावून पाच मिनिटं मान मागे टाकून बसायची. एकदा मी विचारलं, "पोरी, कंटाळत नाहीस का गं?" तर म्हणाली, "कंटाळायला सवड लागते, जुमाके."

नऊ वर्षांपूर्वी तुरात कुठल्याशा परिषदेहून आला आणि म्हणाला, आजपासून आपल्याकडे कागद बंद. सगळं पडद्यावर तपासायचं. झाडं वाचतील. तोवर झिपारगुल प्रत्येक पुस्तक तीनदा कागदावर काढून लाल पेन्सिलीने तपासायची. पेन्सिली कपाटात गेल्या, दारावर हिरव्या पानाचं चित्र लागलं.

आता आम्हा म्हाताऱ्यांना पडद्यावरचं काय दिसणार? ती दाखवायची, मी मान डोलवायचो. मग तीच दोनशे चाळीस पानं मी नातसुनेकडून तिच्या कचेरीत गुपचूप छापून घ्यायचो. अकरा वेळा घेतली. मला वाटायचं, मी एकटाच लबाड. पुढे कळलं, सगळेच म्हातारे तेच करत होते. झाडांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि फोटो. प्रत्येक घराण्याचा एक तरी जुना फोटो असतोच: फरची टोपी, घोडा, मागे तंबू. आम्ही सांगायचो, मोठा घ्या हं. मग ती इतका मोठा घ्यायची की घोड्याच्या पापण्या मोजाव्यात. पुस्तकात तो आगपेटीएवढा छापला जायचा, पण आत संगणकात आख्खा घोडा उभा. एकसष्ट प्रतींत एकसष्ट घोडे.

हे सगळं राहायचं मागच्या खोलीतल्या दोन कपाटाएवढ्या यंत्रांत. ती दिवसरात्र घरघरत असायची. एक भरलं म्हणून दुसरं आणलेलं, आणि दोन्ही बंद पडतील या भीतीने त्यातलं सगळं पुन्हा परदेशातल्या कुठल्या तरी यंत्रात ठेवलेलं. हिवाळ्यात त्यांची ऊब पुढच्या खोलीपर्यंत यायची. आम्ही हातमोजे त्यांच्यावर वाळत घालायचो. मला ती यंत्रं आवडायची. गावाकडे शाळेत आमच्या मास्तरांची शेगडी होती, तिच्याजवळची जागा पाढे येणाऱ्याला मिळायची. मला ती कधी मिळाली नाही. इथे न मागता मिळाली.

गेल्या नोव्हेंबरात इमारतीचा व्यवस्थापक कुबात एक कागद घेऊन आला. मी तिथेच होतो, बेचाळिसाव्या पानावर.

"तुरात बाइके," तो आदराने म्हणाला, "या हिवाळ्यात प्रत्येक भाडेकरूला महिन्याला सहाशे युनिट. तुमचं या महिन्यात आठशे साठ झालंय."

"आम्ही तर कागदसुद्धा वापरत नाही," तुरात म्हणाला.

"कागदाचा मीटर माझ्याकडे नाही. विजेचा आहे." कुबात खुर्चीच्या कडेला टेकला. "वर धरणात पाणी नाही. वरून मला दटावतात, मी तुम्हाला सांगतो. फेब्रुवारी अखेरपर्यंत मुदत आहे. त्या महिन्याचा आकडा सहाशेच्या वर गेला तर एक मार्चला तार काढीन, खोली रिकामी करून घेईन. मागाहून माझ्यावर रुसू नका."

झिपारगुल त्याला चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती त्या कागदाकडे बघत राहिली. आम्हाला सगळ्यांना कळत होतं. खोली गेली तर तुरात घरून काम करील. आयझातला चार जण बोलावतील. छप्पन्न वर्षांच्या बाईला, जिला या एका इमारतीखेरीज काही माहीत नाही, तिला कोण घेणार?

आयझातने दोन दिवस बसून हिशेब लावला. तिशीची आहे, हुशार, आणि जिभेला धार. "एजे," ती थोरल्या बहिणीला म्हणावं तशी झिपारगुलला म्हणाली, "सगळ्यांत जास्त वीज मागची दोन यंत्रं खातात. आणि त्यांच्यात दहातले नऊ भाग तुमच्या जुन्या प्रती आहेत. शेवटची ठेवा, बाकीच्या पुसा. उरेल ते हाताएवढ्या डबीत मावतं. डबी खणात ठेवायची, आठवड्यातून एकदा जोडायची. यंत्रं बंद."

"पुसा म्हणजे?"

"पुसा म्हणजे पुसा."

"त्यात माणसं आहेत, आयझात. लोकांचे बाप आहेत. कुणाच्या तरी सात पिढ्या मी एका बोटाने पुसू?"

"शेवटच्या प्रतीत आहेत ना ते."

"बावन्नाव्या प्रतीत होतं ते शेवटच्यात नाही म्हणून कुणी आलं तर?"

आयझातने माझ्याकडे पाहिलं. मी पेल्यात बघितलं.

शेवटी झिपारगुलने एक तोड काढली, आणि आम्हाला ती इतकी रास्त वाटली की कुणी दोनदा विचारच केला नाही. ज्या घराण्याची वंशावळ, त्या घराण्यातला वडीलधारा समोर बसवायचा. त्याला दाखवायचं, तो म्हणेल ते ठेवायचं, उरलेलं त्याच्या परवानगीने पुसायचं. मेलेल्या मेंढीची कातडीसुद्धा आम्ही न विचारता हलवत नाही. ही तर पूर्वजांची गोष्ट. तुरात म्हणाला, "करा, पण लवकर करा."

पहिला आला बेक्तुर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, एका कानाने बहिरा आणि दुसऱ्याने सोयीचं तेवढं ऐकणारा. त्याच्या अठ्ठावीस प्रती.

"पुसल्यावर जातात कुठे?" त्याने विचारलं.

"कुठे नाही जात, अता," झिपारगुल म्हणाली. "नाहीशा होतात."

"कुठेच जात नाही असं काही नसतं. आधी दोन शब्द म्हणू या."

"पण नव्या प्रतीत सगळे आहेत की हो."

"आहेत ना? मग म्हणायला तुझं काय जातंय?"

बेक्तुरने डोळे मिटून कुराणातलं म्हटलं. आम्ही सगळ्यांनी हात पसरले, तोंडावरून फिरवले, आणि झिपारगुलने बटण दाबलं. बेक्तुरच्या डोळ्यांत पाणी आलं. आता इतकं झाल्यावर माणसाला कोरडं कसं पाठवणार? चहा झाला, कणकेचे तळलेले बोर्सोक आले, जर्दाळूचा मुरांबा आला. बेक्तुर संध्याकाळपर्यंत बसला, आणि जाताना त्याने सत्तावीसपैकी एक प्रत परत मागितली. सुदैवाने ती परदेशातल्या यंत्रात होती.

ही बातमी म्हाताऱ्यांत कशी पसरली विचारू नका. दुसऱ्या आठवड्यात लोक जोडीने यायला लागले, मग भावांसकट, मग थोरल्या वहिनींसकट. एकजण आपल्या बापाचा कोट घालून आला, पुसताना बाप हजर असावा म्हणून. दारापासून सगळ्यांत लांबची जागा मानाची, आणि ती नेमकी खिडकीखाली, गार. म्हणून तिथे विजेची शेगडी नेऊन ठेवली. ती सकाळी लावली की जाईपर्यंत चालू. किटली खाली यायचीच नाही. एक म्हातारबुवा तर लागोपाठ तीन दिवस येत राहिले. पाहुण्याला आम्ही पेल्यात चहा तळाशी दोन घोट ओततो, म्हणजे त्याने पुन्हा मागावा आणि बसावं. पेला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. तिसऱ्या दिवशी आयझातने त्यांना काठोकाठ भरून दिला. ते म्हणाले, "बघा, शहरातल्या पोरी किती सढळ हाताच्या."

माझी पाळी आली तेव्हा मी दोन दिवस घेतले. एकसष्ट प्रती होत्या. घाईने पुसायला त्या काय पाटीवरच्या बेरजा आहेत? प्रत्येक उघडायचो, त्यात एखादं नाव दिसायचं, त्या नावाची एक गोष्ट आठवायची. माझ्या चुलत्याने लांडग्याला शाळेत कोंडलं होतं ती गोष्ट मी तिथे तीन वेळा सांगितली, कारण ऐकणारे बदलत होते. दोन दिवसांत चार प्रती पुसल्या. झिपारगुलने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. आज वाटतं, बघायला हवं होतं तिने. निदान मी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुबात मीटर वाचून आत आला. टोपी हातात घेतली होती.

"नऊशे तीस."

तुरातने त्याला खुर्ची सरकवली.

"उतरवतो म्हणाला होतात."

"उतरवतोच आहोत," तुरात म्हणाला.

"मग आधी जिना चढताय का, उतरायला?"

तो गेल्यावर आयझातने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर उभ्या रेघा मारलेल्या होत्या, पाच-पाचच्या. "काल किटली किती वेळा लावली, मोजलं," ती म्हणाली. "त्रेचाळीस. आणि शेगडी नऊ तास. यंत्रं अजून चालूच आहेत, कारण अर्धंही पुसून झालं नाही. एजे, आपण वीज वाचवायला पाहुणे बोलावले आणि पाहुण्यांना वीज पाजली."

झिपारगुलने रेघा स्वतः पुन्हा मोजल्या. मला वाटतं तिला चूक सापडेल अशी आशा होती.

मला तेव्हा एक युक्ती सुचली आणि ती मी तिथल्या तिथे बोललो, हे माझं चुकलं. माझं हे असंच आहे, मनात आलं की ओठावर. मी म्हटलं, "सोपं आहे. ज्याने त्याने घरून थर्मास आणावा. मीच उद्यापासून आणतो."

झिपारगुल उठून उभी राहिली. "जुमाके, तुम्ही माझ्या दारात स्वतःचा चहा घेऊन येणार?"

"अगं, वीज वाचेल म्हणून..."

"मग बोर्सोकही आणा. घोंगडी आणा. आणि मी कोण इथली? मीटर?"

तिचा आवाज चढला नव्हता. ते जास्त वाईट होतं. मी कोट घातला आणि निघालो, आणि त्या दिवशीसुद्धा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बसा ना, चहा झालाच आहे." रागावलेल्या बाईने ओतलेला तो चहा मी प्यालो. किटली चव्वेचाळीस वेळा झाली.

पुढचा आठवडा मी गेलो नाही. गेलो तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता. दुपारचे दोन वाजले असतील, पण बाहेर धुराने संध्याकाळ केली होती. सगळं शहर कोळसा जाळत होतं. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून कोळसा, आणि कोळसा आहे म्हणून कुणालाच श्वास नाही. तुरात आणि आयझात जेवायला गेले होते. झिपारगुल एकटीच होती, आणि काम करत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या." मग म्हणाली, "जुमाके, मी इथे लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मला काय काम होतं, माहीत आहे?"

"जुळवायचं."

"जुळवायला कोण देतं सतरा वर्षांच्या पोरीला? मोडायचं. पुस्तक छापून झालं की त्याची पानं माझ्याकडे यायची, शिशाची. एकेक खिळा काढून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. संध्याकाळी हात काळे, आणि पुस्तक संपलेलं. सकाळी त्याच खिळ्यांनी दुसरं."

"वाईट नाही वाटायचं?"

"का वाटावं? सकाळी कविता मोडायची, दुपारी त्याच अक्षरांत बटाट्याच्या लागवडीचं जुळवायचं. खिळे नेहमी तेवढेच. पुस्तकं किती निघाली त्यातून."

"पण त्यात मेलेल्यांची नावं नसतील."

"लढाईत गेलेल्यांच्या याद्या होत्या. आख्ख्या गावांच्या. मी मोडल्यात, या बोटांनी." तिने बोटं बघितली. "छापलेलं लोकांच्या घरी होतं ना. मग इथे कशाला हवं होतं? तेव्हा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मग ठेवायला भरपूर जागा मिळाली, आणि मोडायची सवय गेली."

मला खूप काही म्हणायचं होतं. आमच्या मास्तरांकडे आख्ख्या शाळेत एकच वही होती, तिची गोष्ट तर जिभेवर आली होती. पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसलो. माझ्या घरच्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने फोन लावायला सुरुवात केली. परवानगी मागायला नव्हे, सांगायला. आधी पुसायची, मग फोन. तीन दिवस हेच. आयझातने मला नंतर सांगितलं, प्रत्येक घराण्याचं पुसण्याआधी ती त्यातलं सगळ्यांत वरचं नाव मोठ्याने वाचायची, फक्त एकच, आणि बटण दाबायची. बेक्तुरला तिने सांगितलं, "अता, जुन्या सगळ्या पुसल्या." तो म्हणाला, "घेतला, घेतला, आत्ताच चहा घेतला." त्याला आजतागायत माहीत नाही.

माझा फोन दुपारी आला.

"जुमाके, तुमच्या छप्पन्न पुसल्या. शेवटची ठेवलीय."

"अगं, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही आला असतात."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवल्यावर मी बाहेर जाऊन आमच्या गाढवाला गवत टाकलं, तासापूर्वीच टाकलेलं असताना.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मागची दोन्ही यंत्रं बंद झाली. परदेशातली साठवणही बंद केली. मी गेलो तेव्हा दारातच थबकलो. काय बदललंय ते आधी कळेना. मग कळलं, आवाज नाही. आणि ऊबही नाही. इतकी वर्षं ती खोली ज्याने तापत होती ते आमचेच एकसष्ट घोडे होते. सगळे कोट घालून बसले होते. तुरातने नवी शेगडी आणली होती, मोठी, तीन दांड्यांची. झिपारगुलने तिची पिन काढून वायर तिच्याभोवतीच गुंडाळून ठेवली होती.

"एजे, बोटं आखडतील तुमची," तुरात म्हणाला.

"शिशात जास्त आखडायची."

किटलीही जागेवर नव्हती. मी विचारलं नाही. ती मागच्या खोलीत, बंद यंत्रावर उपडी ठेवलेली मी जाता जाता पाहिली.

आणखी एक तिने केलं. लाल पेन्सिली कपाटातून बाहेर काढल्या. आता म्हाताऱ्याला एकदाच सगळं छापून द्यायचं, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. त्याने घरी नेऊन सगळ्या भावकीला बसवायचं, भांडायचं ते तिथे भांडायचं, आणि एकाच कागदावर लाल खुणा करून परत आणायचं. "आणि नातसुनेकडून चोरून छापून घ्यायचं नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली. तिला आधीपासून ठाऊक होतं तर. दुरुस्ती आता ती जुन्या प्रतीवरच करते. नवी वेगळी ठेवत नाही.

फेब्रुवारी मोठा गेला. अठ्ठावीसच दिवस, पण आमच्याकडे तो नेहमीच लांबतो. पहिल्या आठवड्यात दोघे भाऊ आले, वरच्या खोऱ्यातले, टोप्या न काढता बसले. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले. मग थोरल्याने चहा येतोय का म्हणून मागच्या दाराकडे पाहिलं, धाकट्याने थोरल्याकडे, आणि दोघे उठले. झिपारगुल दारापर्यंत गेली. "बसा" म्हणायला तिचे ओठ हलले, मी पाहिलं, आणि तिने दार लावून घेतलं. परतून ती कामाला बसली, आणि एकच ओळ बराच वेळ वाचत राहिली.

मग ते लग्नांत बोललं जायला लागलं. माझ्याच भाच्याच्या मेजवानीत एकजण म्हणाला, "उच-तेरेकवाल्यांकडे आता पाहुण्याला वाफसुद्धा दिसत नाही." लोक हसले. मी त्याला वीज, धरण, युनिट, सगळं समजावलं, पाऊण तास समजावलं, तो म्हणाला, "जुमाके, एक कप चहाने धरण आटतं का?" मी म्हटलं, त्रेचाळीस किटल्यांनी खोली जाते. तो पुन्हा हसला. हे मी झिपारगुलला सांगितलं नाही, पण कुणीतरी सांगितलं. "खरंच आहे की," ती म्हणाली. "नाही दिसत."

म्हातारे येईनासे झाले. घरीच लाल खुणा करून कागद पोरांच्या हाती पाठवायला लागले. काम मागे पडलं नाही, उलट लवकर व्हायला लागलं, तुरात खूश होता. तीन वंशावळी त्या महिन्यात छापून गेल्या. झिपारगुल अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून पानं लावायची. डोळ्यांना आता नळाचं पाणी लावायची, बर्फासारखं. म्हणायची, चहापेक्षा बरं. मी तिथे जात राहिलो, दर तीन-चार दिवसांनी. कामाचं निमित्त संपलं होतं. थर्मास एकदाही नेला नाही. काय करायचो? बसायचो, गार हात बगलेत घालून. एखादी गोष्ट सुरू करायचो. गरम चहाशिवाय गोष्ट लांबत नाही, हे मला या वयात कळलं. सांगायला घेतली की चौथ्या वाक्यालाच शेवट यायचा.

अठ्ठावीस तारखेला कुबात सकाळीच आला. मीटरची पेटी बाहेरच्या भिंतीवर, जिन्याखाली आहे. आम्ही चौघेही त्याच्या मागे गेलो, जणू कुणाला पोहोचवायला. त्याने चष्मा पुसला, दिव्याचा उजेड टाकला, मागच्या महिन्याचा आकडा काढला, वजाबाकी केली. ती बरोबर आहे का म्हणून आयझातने फोनवर केली. मी मनात केली. मास्तरांच्या हातच्या छड्या वाया नाही गेल्या.

"पाचशे अठ्ठ्याऐंशी," कुबात म्हणाला. "राहिलात."

तुरातने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. आयझात हसली आणि कुणाला तरी फोन करायला अंगणात गेली. कुबातने पेटी बंद केली, आणि लाजल्यासारखं म्हणाला, "पुढच्या हिवाळ्याला साडेपाचशे म्हणतायत. पाणी अजून खाली गेलंय. नक्की नाही, पण म्हणतायत."

"पुढचं पुढच्या हिवाळ्यात," झिपारगुल म्हणाली. "आता मला बसू द्या."

ती आत गेली आणि बसली. मीही आत गेलो. मला वाटत होतं, आज काहीतरी होईल. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. या एवढ्या वर्षांत मी कुणाच्याही घरातून उठलो आणि मला कुणी "बसा, घाई काय आहे" म्हटलं नाही, असं झालेलं नाही. वैऱ्यांनीसुद्धा म्हटलंय. एकदा माझी मेंढरं चोरणाऱ्याने म्हटलं होतं, माझ्याच मेंढराच्या रश्शावर. फेब्रुवारीभर तिने म्हटलं नव्हतं ते समजण्यासारखं होतं. पण खोली राहिली होती. आकडा लागला होता. एक किटली काय जड होती?

मी टोपी घातली. एक हातमोजा घातला, मग दुसरा. मफलर सोडून पुन्हा बांधला. तिने पुढच्या पुस्तकाचा कागद समोर ओढला होता, लाल खुणा एकेक करून पडद्यावर उतरवत होती, मान एका बाजूला कलती, डोळे बारीक.

"निघतो मी, पोरी."

"सावकाश जा, जुमाके," ती वर न बघता म्हणाली. "पायऱ्यांवर बर्फ आहे."

मी बाहेर आलो आणि दार नीट ओढून घेतलं, आत थंडी जाऊ नये म्हणून.